कंपाउंड धनुष्याच्या स्कोपची लेन्स: ०.५०, ०.७५ की १.००?

कंपाउंड म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, आणि स्कोप म्हणजे त्याच्या साईटवर (नेम धरायच्या साधनावर) बसवलेलं लेन्सचं गोल हाऊसिंग. या लेन्सच्या पाकिटावर ४एक्स, ६एक्स, ८एक्स असे आकडे असतात. बहुतेक वेळा ते ०.५०, ०.७५ आणि १.०० डायॉप्टरला (लेन्सच्या ताकदीचं एकक) दिलेलं नाव असतं. ४एक्सने टार्गेट चौपट दिसत नाही. किती मोठं दिसेल हे डोळा ते लेन्स या अंतरावर ठरतं, म्हणून आधी ते मोजा. बाण टार्गेटकडे रोखून फुल ड्रॉ घ्यायचा (दोरी पूर्ण ओढायची), मोजणाऱ्याने बाजूला उभं राहायचं. मीटरमधल्या अंतराला डायॉप्टरने गुणा, ते १ मधून वजा करा आणि आलेल्या संख्येने १ ला भागा. ८० सेंमी अंतर असेल तर ०.५० ची लेन्स सुमारे १.७ पट दाखवते, ०.७५ ची अडीच पट, १.०० ची थेट पाच पट. हात लांब असेल, अंतर ९० सेंमी झालं, तर तीच ०.७५ तिप्पट दाखवते. तेव्हा लेन्स बदलण्याआधी साईट पुढे धरणारा एक्स्टेन्शन बार थोडा आत घेऊन पाहा.

तेच ८० सेंमी अंतर धरलं तर २९ मिमी स्कोपमधून ५० मीटरवर काय मावतं? ०.५० मध्ये साधारण ११० सेंमी, ०.७५ मध्ये ७५, आणि १.०० मध्ये ४० सेंमीच्याही आत. ५० मीटरचा सहा रिंगांचा फेस (टार्गेटचा कागद) ४८ सेंमीचा आहे, म्हणजे १.०० मधून निळा पट्टाही पूर्ण दिसत नाही. शेजारच्या फेसवर बाण जाण्याचा धोका तिथेच. शिवाय हाताचं प्रत्येक कंपन मोठं दिसतं आणि तिरंदाज रिलीजच्या (दोरी सोडायच्या साधनाच्या) ट्रिगरवर घाई करतो. मैदानी तिरंदाजीसाठी १.०० घेऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. लेन्सवरचा डॉट (नेमाचा ठिपका) फेसच्या मधल्या पिवळ्यात टिकत नसेल तर ०.५०, टिकत असेल तर ०.७५. इनडोअर १८ मीटरवर ०.७५ उत्तम: २० सेंमीचा एक स्पॉट (इनडोअरचा छोटा फेस) अख्खा दिसतो.

०.७५ घेतल्यावर टार्गेट धूसर दिसेल. तो लेन्सचा दोष नाही. तिच्यातून येणारे किरण आधीच एकवटत असतात, डोळा त्यांना पडद्यावर नेमका आणू शकत नाही. लहान छिद्राच्या पीपने (दोरीत बसवलेली, डोळ्यासमोर येणारी कडी) फरक पडतो, पण उजेड कमी होतो. खरा इलाज क्लॅरिफायर, म्हणजे पीपमध्ये बसणारी छोटी लेन्स. चष्मा असेल तर तो घालूनच क्लॅरिफायर निवडा. साईटची पिन स्पष्ट दिसावी म्हणून असलेला व्हेरिफायर चुकून घेऊ नका, त्याने धूसरपणा वाढतो.

बसवताना लेन्सचा मध्य आणि डॉट जुळले पाहिजेत. ०.७५ मध्ये १ मिमीचा फरक ५० मीटरवर जवळजवळ ४ सेंमी नेम सरकवतो. सायटिंग करून (साईट सरकवून नेम जुळवून) तो काढता येतो, पण पुसताना लेन्स फिरली तर पुन्हा येतो. म्हणून लेन्स आणि हाऊसिंगवर एका रेषेत मार्करने खूण करा, आणि लेन्स धरून ठेवणारी रिटेनिंग रिंग घट्ट आहे का ते प्रत्येक सरावाआधी तपासा.