पेशवाई पोशाख शिवायचाय? बाराबंदी की अंगरखा, आणि जर कुठली

फाल्गुन लागला की ओळखीपाळखीतून विचारणा सुरू होते. पाडव्याच्या शोभायात्रेसाठी पेशवाई अंगरखा शिवायचाय, लेस कुठली घेऊ? कुणाला शाळेच्या नाटकासाठी हवा असतो, कुणाला मुलाच्या मुंजीसाठी. प्रश्न मात्र लेसपासूनच सुरू होतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: लेस शेवटी. आधी काय शिवायचं ते ठरवा, मग कापड, मग बेतणं. एवढं झाल्यावर वेळ आणि पैसे उरले तर जर, म्हणजे सोनेरी तारेची किनार.

हे मी अनुभवाने सांगते. पहिला अंगरखा मी साटीनचा शिवला, गळ्याला आणि घेराला चार बोटं रुंद सोनेरी लेस लावली. नेसवायच्या दिवशी सकाळी शेवटची इस्त्री फिरवली आणि घेराची लेस सुरकुतून चिकटली. ती जर नव्हतीच, प्लास्टिक होतं. भावाने तो तसाच घातला. मला मात्र त्या दिवसापासून किनारीकडे बघायची वेगळी नजर आली.

आधार कशाचा घ्यायचा

अठराव्या शतकातला मराठी पोशाख कसा होता हे तीन ठिकाणांहून कळतं. तिन्ही अपुरी आहेत, म्हणून तिन्ही लागतात.

चित्रं सगळ्यांत सोयीची. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९२ मध्ये पुण्यात आला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना समोर बसवून त्याने रंगवलं. पुण्यातला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या पदरी असलेला चित्रकार गंगाराम तांबट याचीही रेखाटनं आहेत. वाईजवळ मेणवलीच्या वाड्यात भित्तिचित्रं आहेत. चित्रातून लांबी, घेर, पागोट्याचा आकार, शेला कसा टाकलाय, हे कळतं. शिवण कळत नाही. आणि एक सावधगिरी घ्या: मोबाईलवर फिरणारी चित्रं पुष्कळदा आरशातल्यासारखी उलटी छापलेली असतात. ही चूक बारीक वाटते, पण बंद, म्हणजे कपडा बांधायच्या कापडी नाड्या, कुठल्या बाजूला बांधायचे हे त्यावरच ठरतं. जाम्याचे (अंगरख्यासारख्याच लांब, घेरदार कपड्याचे) बंद हिंदू डाव्या काखेत बांधत, मुसलमान उजव्या. तलवार, जपमाळ, लिहिणारा हात कुठल्या बाजूला आहे ते बघून चित्र सुलटं आहे का ते आधी ताडा.

कागदपत्रांत नावं मिळतात: तिवट (पागोट्याचं कापड), शेला, किनखाप (जरीचं रेशमी कापड), महमुदी (तलम सुती कापड). कुणाला कुठली वस्त्रं दिली, त्यांची किंमत काय, हे पेशवे दफ्तरातल्या मोडी कागदांतून उलगडतं. पण कागद बेत, म्हणजे कपडा कसा कापायचा ते, सांगत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने इथे अडकून बसू नये. छापून आलेले उतारे वाचले तरी भरपूर होतं.

खरा गुरू म्हणजे जुना कपडा. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुने पोशाख काचेआड बघायला मिळतात. तिथे समोरून बघून पुढे जाऊ नका. बाजूला व्हा, काखेत बघा, बाहीचा जोड कुठे येतो ते बघा. जुन्या अंगरख्याला खांद्यावर आजच्यासारखा गोलाई देऊन कापलेला मुंढा नसतो. बाही सरळ पट्टीची आणि काखेत चौकोनी तुकडा तिरका बसवलेला. त्या तुकड्यामुळे हात वर गेला तरी अंग वर ओढलं जात नाही. हा एक तुकडा घातला की आजचा कुर्ता आणि जुना अंगरखा यांतला फरक आरशात लगेच दिसतो. पण एकाच कपड्यावर विसंबू नका, कारण जुने कपडे पुढच्या पिढ्यांनी उसवून, वाढवून, नवे काठ लावून वापरलेले असतात.

बाराबंदी की अंगरखा

बहुतेकांना अंगरखा हवा असतो, आणि बहुतेकांनी बाराबंदी शिवावी असं मला वाटतं.

बाराबंदी आखूड, कमरेखाली जेमतेम येणारी. पुढचे दोन पदर एकावर एक येतात आणि बारा बंदांनी, म्हणजे सहा जोड्यांनी, बांधले जातात. सगळे तुकडे जवळपास सरळ रेषेत कापायचे. ४४ इंची पन्ह्याचं अडीच-तीन मीटर कापड मोठ्या माणसाला पुरतं. जरीची गरजच नाही. धोतरावर पांढरी बाराबंदी, खांद्यावर उपरणं आणि डोक्याला पागोटं एवढ्याने पोशाख पुरा होतो. शिवाय हा पोशाख आजही जिवंत आहे. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर शेकडो माणसं पांढऱ्या बाराबंदीत चालतात. बंद किती लांब ठेवावेत, गाठ कशी मारावी, चालताना पदर कसा बसतो, हे तिथे उभं राहून बघता येतं. तिथले शिंपी डोळे मिटून बाराबंदी बेततील. जिवंत परंपरेतून शिकायला मिळणं ही फार मोठी सोय आहे.

अंगरखा हे वेगळं काम आहे. छातीवर गोलाई देऊन कापलेलं तोंड, त्याच्या आत छाती झाकणारा पडदा, घट्ट वरचा भाग आणि कमरेखाली कळ्यांचा, म्हणजे वर निमुळत्या आणि खाली रुंद तुकड्यांचा, घेर. गुडघ्याखाली जाणाऱ्या अंगरख्याला मला पाच-सहा मीटर कापड लागतं, घेर वाढवला तर आणखी. सगळं यश दोन जागी आहे: गळ्याची गोलाई आणि कळ्या.

कळीबद्दल थोडं थांबून सांगते. जुनं हातमागाचं कापड अरुंद पन्ह्याचं असायचं. त्या पट्टीचा लांब आयत घेऊन कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे तिरका काप दिला की दोन कळ्या निघतात, आणि चिंधी जवळपास उरतच नाही. प्रत्येक कळीला एक कड सरळ, एक तिरकी. जोडताना एकीची तिरकी कड दुसरीच्या सरळ कडेला लावायची. दोन तिरक्या कडा एकमेकींना जोडल्या तर काही दिवसांत घेर तिथे लोंबतो आणि खालची रेघ वेडीवाकडी होते. आजच्या रुंद पन्ह्यावर अर्धगोल घेर एका कापात निघतो, म्हणून शिंपी तसाच काढून देतात. तो फिरतो छान, पण दिसतो फ्रॉकसारखा.

बाजारात मिळणारे अंगरख्याचे बेत राजस्थानी किंवा लखनवी धर्तीचे असतात, नाहीतर थेट मुलींच्या कुर्त्याचे. ते वाईट नाहीत, पण त्यांत मराठी चित्रांतला अंगरखा सापडणार नाही. म्हणून अंगरखाच हवा असेल तर आधी मांजरपाटावर, म्हणजे कोऱ्या जाड्याभरड्या सुती कापडावर, नमुना शिवा. मांजरपाट स्वस्त, कडक, खुणा नीट उमटतात. दोनदा उसवून बसवलेला नमुना हाती असला की महागडं कापड कापताना हात थरथरत नाही.

भाड्याने ड्रेपरी, म्हणजे तयार नाटकी पोशाख, आणणं हा तिसरा मार्ग. एका संध्याकाळच्या नाटकासाठी तोच शहाणपणाचा. लांबून रंगमंचावर चमक लागते, शिवण दिसत नाही. पण उन्हात चार तास चालायचं असेल तर ते चमचमतं कृत्रिम कापड अंगाला चिकटतं. लहान मुलांना तर नकोच.

कापड आणि रंग

अंगासाठी सुती मलमल घ्या. चंदेरी हवी असेल तर लक्षात असू द्या की आजच्या चंदेरीत रेशमाचा उभा धागा असतो. जुनी चंदेरी तलम सुती असायची. सुती चंदेरी मिळाली तर उत्तमच, नाहीतर आजच्या चंदेरीपेक्षा चांगली मलमल जुन्या कापडाच्या जवळची. साटीन, आणि ज्याला दुकानदार ‘सिल्क’ म्हणून पुढे करतो ते पॉलिएस्टर, दोन्ही टाळा.

रंगांचा नियम सोपा आहे. पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि पहिला रासायनिक रंग, तोही जांभळा, १८५६ मध्ये निघाला. त्यामुळे झगझगीत राणी, विजेसारखा जांभळा, पोपटी हे बाद. नीळ, मंजिष्ठेचा आणि आल या झाडाच्या मुळांचा लाल, कुसुंबी, हळदी, डाळिंबाच्या सालीचा मातकट पिवळा या घरातले रंग घ्या. शंका असली तर पांढरा. नाना फडणवीसांच्या चित्रात अंगावर आहे तोही पांढराच.

जर: चार पर्याय

जरीसाठी दुकानात उभं राहिलात की सगळं सोनेरीच दिसतं. फरक कळायला एक धागा पुरतो.

खरी जर म्हणजे चांदीची तार. ती चपटी करायची (हाच बादला), रेशमाच्या धाग्यावर गुंडाळायची आणि वर सोन्याचा मुलामा. जुने लोक कलाबतू म्हणतात ते हेच. आतलं रेशीम पिवळं रंगवलेलं असतं, म्हणजे तारेच्या फटींतूनही सोनेरीच दिसतं. टेस्टेड जरीत तांब्याची तार, तिच्यावर चांदी चढवून सोनेरी रंग, आत सूत किंवा नकली रेशीम. प्लास्टिक जर म्हणजे चकाकी दिलेल्या फिल्मच्या बारीक पट्ट्या. सुरतेत हे तिन्ही प्रकार बनतात, आणि मुंबईत मंगळदास मार्केट, भुलेश्वर किंवा पुण्यात बोहरी आळीत तिन्ही एका फळीवर शेजारीशेजारी ठेवलेले असतात.

नमुन्याचं टोक मागून घ्या, घरी येऊन एक धागा उसवा. चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्या. प्लास्टिक आक्रसून काळा मणी होतो. टेस्टेड जरीचा धागा जळतो, तारेचं वेटोळं उरतं, ते खरवडलं की तांबूस दिसतं. खऱ्या जरीतलं रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि मागे पांढुरकी चांदीची तार उरते. खात्री हवी असेल तर सराफाची कसोटी आहेच.

खरी जर सर्वांत सुंदर, यात वाद नाही. तिची चमक मंद असते. दिव्याच्या उजेडात ती उबदार दिसते, उन्हात डोळ्यांत खुपत नाही. पण तिचा भाव चांदीबरोबर चढतो. पहिल्याच पोशाखाला ती लावू नका. गळा आणि मनगटं यांपुरती अर्ध्या बोटाची किनार एवढीच घ्या, आणि तीही दुसऱ्या-तिसऱ्या अंगरख्याला.

टेस्टेड जर हा माझा नेहमीचा सल्ला. वजन आणि पडणं खऱ्या जरीच्या जवळचं, किंमत आवाक्यातली. घाम आणि अत्तर लागलं की ती काळवंडते, म्हणून काखेजवळ आणि मानेला लागेल तिथे नको. फीत घेताना अरुंद आणि साधी घ्या. फुलं-वेलबुट्टीची रुंद लेस दिसली की मन मोहतं, पण ती साड्यांच्या आणि घागऱ्यांच्या आजच्या फॅशनची आहे.

प्लास्टिक जर फक्त रंगमंचावर, आणि इस्त्रीपासून लांब.

चौथा पर्याय म्हणजे घरातल्या जुन्या साडीचा काठ. त्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. आजीची साडी अखंड असेल तर तिला कात्री लावू नका, पैठणी असेल तर अजिबात नाही. अंगरखे पुन्हा शिवता येतील, ती साडी पुन्हा विणली जाणार नाही. मात्र रेशीम घडीवर तुटून गेलंय, अंग विरलंय आणि काठच तेवढा धड आहे, अशी साडी पुष्कळ घरांत असते. एकेकाळी अशा साड्या जर घेणाऱ्याला विकायचे, तो जाळून चांदी काढायचा. त्यापेक्षा तो काठ एखाद्या अंगरख्यावर जगलेला बरा. बिनबुट्टीचा, साध्या पट्ट्यांचा काठ निवडा. मोर-कमळांचा काठ अंगरख्यावर परका वाटतो.

कुठलीही जर असो, मशीनच्या टिपेने लावू नका. सुई तारेला चिरते आणि मलमल गोळा होते. जर कापडावर ठेवायची आणि त्याच रंगाच्या बारीक रेशमी धाग्याने वरून छोटे टाके घेत टाचायची. पाव इंचाला एक टाका पुरे. आणि कपडा भिजवून, आटवून घेतल्याशिवाय जर लावायचीच नाही, नाहीतर पहिल्या धुण्यात मलमल आखडते आणि किनार फुगून उभी राहते.

जर नकोच असेल तर मगजी. कडेला वेगळ्या रंगाच्या सुती कापडाची तिरकी पट्टी, एवढीच. पांढऱ्या मलमलीवर मंजिष्ठी मगजी आणि त्याच कापडाचे बंद: मी केलेल्या सगळ्या पोशाखांत मला हाच सर्वांत आवडतो.

हात की मशीन

आतल्या लांब शिवणी मशीनवर मारल्या तर चालेल, मी स्वतः मारते. गळा, खालची दुमड, बंद आणि काखेचा तुकडा मात्र हाताने करा. तुरपाई दिसते त्या जागा याच. बंद कापून शिवायचे, बाजारची नाडी लावायची नाही.

मग कुणी काय घ्यावं

पाडव्याला पंधरा दिवस राहिलेत आणि शिवणाचा सराव बेताचा आहे, तर पांढऱ्या मलमलीची बाराबंदी, मगजी लावून, बिनजरीची. दोन-तीन महिने हाताशी आहेत तर मांजरपाटाच्या नमुन्यापासून सुरुवात करून कळ्यांचा अंगरखा आणि गळ्याला अरुंद टेस्टेड फीत. एका प्रयोगाचं नाटक असेल तर ड्रेपरी. मुंजीच्या मुलाला बाराबंदीच शिवा, दोन वेळा बंद सोडून बांधायची सवय आधी करून घ्या, आणि उंचीला खाली दोन इंच दुमड ठेवा, पुढच्या वर्षी धाकट्या चुलतभावाला नाहीतर त्यालाच पुन्हा होते.

पोशाख काढून ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका. जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळा आणि दर काही महिन्यांनी घडी बदला, जर घडीवरच तुटते.