घरघंटी घ्यावी की नाही, माझं मत

घरघंटी घेऊ का असं इतक्या जणींनी विचारलंय की आता एकदाच लिहून टाकते. आमच्याकडची साधी एक एचपीची आहे, बुटक्या कपाटासारखी दिसते, वर धान्य घालायचं, खाली डब्यात पीठ. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही कारण पुढे थोडी तक्रार पण आहे, आणि तसंही या किमतीतल्या बऱ्याचशा मशीन आतून एकसारख्याच, दगड नाही, स्टीलचे बीटर गरागरा फिरतात, दाणा फुटतो आणि जाळीतून पीठ खाली.

आधीच स्पष्ट सांगते, घरात फक्त गव्हाच्या पोळ्या होत असतील तर घेऊ नका. आमच्या कोपऱ्यावरचा गिरणीवाला किलोला दहा रुपये घेतो, सकाळी डबा ठेवला की संध्याकाळी पीठ तयार, त्यासाठी वीसेक हजार कशाला घालायचे. मशीनच्या पिठाची पोळी मला तरी चांगली लागते, सासूबाई मात्र पहिल्या घासाला ओळखतात, "हे घरचं पीठ ना गं" म्हणतात आणि सूर काही कौतुकाचा नसतो.

खरा उपयोग आहे तो भाकरीला. ज्वारीत ग्लुटेन नाही त्यामुळे सगळी भिस्त ताज्या पिठावर आणि गरम पाण्यावर, पीठ जुनं झालं की विरी म्हणजे चिकटपणा जातो, मग कितीही उकळतं पाणी घाला, थापताना कडा फाटतात आणि तव्यावर टाकेपर्यंत मधूनच चीर पडते. पूर्वी मला वाटायचं आपल्या हातालाच भाकरी जमत नाही, तर अर्धा दोष त्या पाकीटबंद पिठाचा निघाला!! आता मी किलोभरच दळते, तीन-चार दिवसात संपतं. बाजरीचं तर अजूनच, तिच्यात स्निग्धांश साधारण 5 टक्के म्हणून पीठ थोड्याच दिवसात कडवट व्हायला लागतं, आणि किलोभर बाजरी घेऊन गिरणीत गेलं की तिथे तोंडं वाकडी होतात कारण तेवढ्यासाठी कोण चक्की लावणार. भोगीला तीळ लावून बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी केली, बाजरी त्याच सकाळी दळलेली, घरातले पोळीवाले पण गुपचूप दुसरी भाकरी मागत होते.

दुसरी गंमत म्हणजे शेजार. मशीन आल्याचं कळल्यावर सोसायटीतल्या बायका वाट्या-डबे घेऊन यायला लागल्या आणि माझ्या स्वयंपाकात नवीन नवीन गोष्टी शिरल्या. वरच्या मजल्यावरच्या जळगावच्या ताई कळणा दळायला आल्या, चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालीचे उडीद, थोडे मेथीदाणे आणि खडे मीठ. मी म्हटलं ताई मीठ मशीनमध्ये नको, गंजेल, तर त्या म्हणाल्या, "बरं मळताना घाला, पण विसरू नका, बिनमिठाचा कळणा म्हणजे शिक्षा." ती भाकरी सोबत ठेचा, कच्चा कांदा आणि वांग्याचं भरीत, प्रथिनांची वेगळी चिंता करायला नको. सोलापूरच्या काकू गावाहून मालदांडी ज्वारी आणतात, मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय हे त्यांच्याकडूनच कळलं, त्यांच्याच पिठाची कडक भाकरी करायला शिकतेय, अजून पापडासारखी पातळ होत नाही. आणि शेजारच्या गुजराती भाभी तांदूळ आणि डाळी रवाळ दळून नेतात हांडव्यासाठी, म्हणजे त्यांच्या तिखट-मिठाच्या जाड केकसाठी. परत येताना डब्यात हांडव्याचा तुकडा असतोच, दळणावळीचा हा दर मला मान्य आहे.

उपवासाच्या भाजणीसाठी तर ही हवीच. गिरणीत आपल्या आधी कोणाचे गहू दळलेत कोण जाणे, म्हणून आई दरवर्षी आषाढीच्या आधी चार वेळा विचारून यायची. आता ब्रशने आतून साफ करायचं, मूठभर वरई आधी फिरवून ते पीठ बाजूला काढायचं, मग साबुदाणा, राजगिरा, वरई निवांत दळा. राजगिऱ्याला सगळ्यात बारीक जाळी लावा, नाहीतर दाणे जसेच्या तसे खाली येतात. नाचणीचंही तेच. मोदकाच्या पिठीला पण तीच जाळी, तांदूळ धुऊन सावलीत अगदी खडखडीत वाळलेले हवेत.

आता तक्रारी. आवाज भरपूर आहे, मिक्सर एका मिनिटात थांबतो ही अर्धा तास चालते, दुपारी कोणी झोपलं असेल तर विसरा. कापडी फिल्टर असूनही ओट्यावर पिठाचा थर बसतोच, आणि तो फिल्टर दर वेळी झटकायचा कंटाळा येतो. थालीपिठाची भाजणी पूर्ण गार झाल्याशिवाय घालू नका, कोमट असली तरी जाळी चोंदते आणि मशीन घुरघुरत बसतं. दुकानदार म्हणाला होता यात काहीही दळा ताई, पुस्तिकेत मात्र तीळ, शेंगदाणे, ओलसर धान्य सगळ्याला फुली. आणि सर्व्हिस!! एक जाळी फाटली तर कंपनीच्या माणसाने उद्या येतो उद्या येतो करत जीव खाल्ला, शेवटी मीच बाजारातून तशीच जाळी शोधून आणली, तीही स्वस्तात. विजेची मात्र भीती नको, एक एचपी म्हणजे पाऊण किलोवॅट, तासाला साधारण एक युनिट धरा, आणि तासाभरात सात-आठ किलो गहू होतात, ज्वारीला थोडा जास्त वेळ.

घ्यायचीच असेल तर दुकानात जाताना पिशवीत स्वतःची वाटीभर नाचणी न्या. ते गहू दळून दाखवतात आणि गहू कुठल्याही मशीनमध्ये छानच दळले जातात, नाचणीचं पीठ दोन बोटात चोळून बघा, कचकच लागली तर पुढचं दुकान.