अठ्ठावीस की तीस? एलएमजीसोबत चौदा महिने

एलएमजी म्हणजे लाइट मशीनगन. तिचं वजन, रेंज, फायरचा वेग हे वापरणाऱ्यांना पाठ असतं, त्यात वेळ घालवत नाही. फौजेत १९८९-९० मध्ये सलग चौदा महिने माझ्याकडे ७.६२ एलएमजी १बी होती. म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जुनी ब्रिटिश ब्रेन गनच, .३०३ ऐवजी ७.६२ ची गोळी खाणारी. एवढ्या काळात मला एकाच गोष्टीनं छळलं. मॅगझीन तीस गोळ्यांची, भरायच्या अठ्ठावीस.

का, म्हणून विचारलं तर शिकवणारे उस्ताद म्हणायचे, "अठ्ठाईस मतलब अठ्ठाईस." आमच्या घरी काडेपेटीतल्या काड्यासुद्धा मोजून वापरायचे. जागा असून भरायचं नाही म्हणजे एसटीत सीट रिकामी सोडून उभ्यानं जाण्यातला प्रकार.

सुट्टीत आजोबांना विचारलं. एप्रिल १९४५ मध्ये ते इटलीत सेनिओ नदीवर मराठा पलटणीत ब्रेन घेऊन होते. म्हणाले, "आरं, आमच्या गोळीच्या बुडाला कडा व्हती. वरच्या गोळीची कडा खालचीच्या मागं गेली की अडाकलंच. म्हनून बघून भरायची, आन दोन कमी. स्प्रिंगचा दम ऱ्हातो." त्या कडेपायीच ब्रेनची मॅगझीन केळ्यासारखी वाकडी होती. ७.६२ ला ती कडा नाही, मॅगझीनही जवळपास सरळ झाली. मग दोन गोळ्यांची काटकसर कुणासाठी? परत आलो तो भांडायच्या तयारीनंच.

आणि तेव्हाच बंदुकीनं दगा दिला. रेंजवर दुसऱ्या मॅगझीनला रुकावट. कॉक केली, मॅगझीन बदलली, चालू. थोड्या वेळानं परत बंद. उस्ताद ओरडले, "गैस!" बॅरल नट उचलला, बॅरल पुढे सरकवली, रेग्युलेटर (गोळीचा गॅस बंदूक चालवायला किती घ्यायचा ते ठरवणारा) दोनवरून तीनच्या भोकावर फिरवला. आता बंदूक खांद्यावर घणासारखी आदळायला लागली, पण चालली. मग पुन्हा ठप्प.

संध्याकाळी पिस्टन, गॅस सिलिंडर, रेग्युलेटरची चारही भोकं घासत बसलो. ही कटकट मूळ डिझाइनपासूनची आहे. चेक कारखान्यातली मूळ बंदूक ब्रिटिशांनी घेतली तेव्हा त्यांच्या कॉर्डाइट दारूच्या काजळीनं गॅसची वाट बुजायला लागली. मग गॅसचं भोक नळीच्या तोंडापासून मागे आणलं, सिलिंडर आखूड केला. चेक ब्रनो आणि ब्रिटिश एनफील्ड मिळून ब्रेन, ती ही. पहिल्या मॉडेलला नेम धरायची ड्रमची साइट, बटाखाली वेगळी मूठ, असली बरीच चैन होती. १९४० मध्ये डंकर्कहून माघार घेताना ब्रिटिश ढिगानं बंदुका फ्रान्समध्येच सोडून आल्यावर ती चैन परवडेना. पुढच्या मॉडेलला साधी शिडीची साइट आली. मला विचाराल तर तीच बरी, चिंधीनं पटकन पुसून होते.

इतकं घासूनही दुसऱ्या दिवशी तेच. इथंपर्यंत माझं मत होतं की बंदूकच म्हातारी झाली. ते मागे घेतो. मी आठही मॅगझीनवर लाल रंगानं नंबर टाकले आणि वहीत लिहीत गेलो. दर वेळी चार नंबर. वरचे ओठ एका बाजूला किंचित दबलेले आणि स्प्रिंग मेलेली. शेवटच्या तीन-चार गोळ्या वर यायच्याच नाहीत. रेग्युलेटर परत दोनवर आणला आणि बाकीच्या सातांवर बंदूक घड्याळासारखी चालली. त्या सातांत मी चोरून तीस-तीस भरूनही पाहिल्या. काही झालं नाही. हे उस्तादांना सांगितलं नाही.

बॅरल बदलायला पाच सेकंदही लागत नाहीत, हे सुख वेगळंच. पण दुसऱ्या बॅरलचा रेग्युलेटर आधी बघून ठेवा, तो प्रत्येक बॅरलला स्वतंत्र असतो. उडालेल्या गोळ्यांची रिकामी खोकी खालून पडतात, त्यामुळे मोजून परत देताना शोधाशोध कमी. साइट डावीकडे सरकवलेली, कारण मॅगझीन मधोमध डोक्यावर. डावखुऱ्यानं ही मागूच नये.

आता चार नंबरचं. कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या कोठारात, बदलून मागितली. "टूटा है क्या?" नाही. "गुम हुआ?" नाही. "फिर?" ओठ दाखवले, स्प्रिंग दाबून दाखवली. उत्तर आलं, गिनती बराबर आहे. दोनदा लिहून दिलं, एकदा सुभेदार साहेबांसमोर उभं केलं गेलं, ते वेगळंच. शेवटी तीससाठी भांडणारा मी, चार नंबरमध्ये वीसच भरायला लागलो, आणि तीही पाऊचमध्ये सगळ्यात तळाशी. वीस भरल्या तरी तळाच्या दोन-तीन अडकायच्याच, तेवढ्या हातानं काढायच्या.

बंदूक जमा केली त्या दिवशी कोतवाल्यानं मॅगझीन एकेक करून फळीवर मांडल्या. चार नंबर हातात घेतली, लाल आकडा नखानं खरवडून पाहिला, म्हणाला, "ये किसने लिखा?" मग बाकीच्यांत ठेवली. "आठ. बराबर. साइन करो."