युरोपा ४ की क्रुसेडर ३ : इतिहासासाठी खेळायचं तर कुठला?

इतिहासाची आवड आहे, लॅपटॉप बरा आहे, पण पैसे एकाच खेळापुरते आहेत, अशी मंडळी हा प्रश्न वरचेवर विचारतात : युरोपा युनिव्हर्सालिस ४ घ्यावा की क्रुसेडर किंग्ज ३? दोन्ही संगणकावरचे खेळ, स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीचे. पुढे त्यांना नुसतं युरोपा आणि क्रुसेडर म्हणतो. नकाशा, फौजा, तह, बंडं ही ओळख तुम्हाला आहे असं धरून चालतो. मी दोन्ही भरपूर खेळलो, तेही बेळगावात बसून. गावाचं नाव मुद्दाम घेतो, कारण माझा कौल जिकडे झुकला त्याला हे गाव बऱ्यापैकी कारणीभूत आहे. दुसऱ्या गावचा माणूस कदाचित उलटं सांगेल.

आधी काळ बघा. युरोपा ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होतो आणि १८२१ पर्यंत चालतो. बहमनी, विजयनगर, आदिलशाही, शिवकाळ, पेशवाई, सगळं त्यात बसतं. क्रुसेडर ८६७, १०६६ किंवा ११७८ ला सुरू करता येतो आणि १४५३ ला संपतो. म्हणजे राष्ट्रकूट, कल्याणीचे चालुक्य, देवगिरीचे यादव. मराठ्यांच्या काळाशिवाय मन रमत नसेल तर निर्णय इथेच झाला, युरोपा घ्या.

युरोपाने मला जे शिकवलं त्याचं मोल मी कमी करणार नाही. शेजाऱ्याचा मुलूख घेतला की आसपासच्या राज्यांत तुमच्याविषयी धास्ती साठत जाते, आणि खेळ ती आकड्यात मोजतो. लागोपाठ दोन युद्धं जिंकलात की कालपर्यंत एकमेकांच्या जिवावर उठलेले सगळे हातात हात घालून तुमच्यावर चालून येतात. १५६५ ची राक्षसतागडीची लढाई शाळेत पाठ केली होती : विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बीदर एकत्र आले, रामराया मारला गेला, विजयनगर लुटलं गेलं. पण एकमेकांशी भांडणारे हे सुलतान एकत्र का आले, ते विजयनगर घेऊन खेळल्यावरच नीट उमगलं. रामरायाने वर्षानुवर्षं त्यांना आपसांत झुंजवलं, कधी याच्या बाजूने तर कधी त्याच्या, आणि दरवेळी पदरात काहीतरी पाडून घेतलं. ठरावीक मर्यादेपलीकडे जिंकत राहणंच घातक होतं, हे पुस्तकात एका ओळीत असतं. खेळात ते आठवडाभर छळतं. क्रुसेडरमध्ये हा धडा इतका लख्ख मिळत नाही.

व्यापाराचंही तसंच. युरोपा खेळात व्यापाराचे प्रवाह आहेत, नाकी आहेत, गलबतं आहेत. क्रुसेडरमध्ये त्या मानाने फार थोडं. मात्र या खेळातले हे प्रवाह एकाच दिशेने वाहतात, शेवटी सगळा पैसा इंग्लिश खाडी, जिनोवा नाहीतर व्हेनिसला जाऊन साचतो, आणि दख्खनमध्ये तुम्ही कितीही बलाढ्य व्हा, तो प्रवाह उलटवता येत नाही. इतिहास असा घडला हे खरं. तो तसाच घडायला हवा होता का, हा प्रश्न खेळ विचारू देत नाही.

तरी एवढ्यावर मी युरोपा बाजूला ठेवला नसता. माझं मन उडालं ते एका बटणापायी.

युरोपा खेळात प्रत्येक प्रांताला एक संस्कृती असते. एकच. हा मराठी, तो कन्नड, पलीकडचा तेलुगू. तुमच्या दरबाराने मान्य केलेल्या संस्कृतींची संख्या ठरलेली. बाहेर राहिलेल्या प्रांतातून कर कमी येतो आणि कुरबुर जास्त. त्यावर खेळाचा एक उपाय म्हणजे प्रांताची संस्कृती बदलणं. राजनैतिक गुण (खेळातलं एक चलनच) मोजा, बटण दाबा, एक पट्टी हळूहळू भरत जाते आणि काही वर्षांनी अख्खा प्रांत तुमच्या रंगाचा होतो. तिथे कोण राहत होतं, त्यांचं काय झालं, मुलं घरात काय बोलू लागली, यातलं काहीही दिसत नाही. बहमनी घेऊन आपल्याच भागावर ते बटण दाबायची वेळ आली तेव्हा मी खेळ थांबवला. पुढे खेळलो, पण त्या बटणाशिवाय, आणि त्याचा तोटा सोसत.

गणपत गल्लीत भाजी घ्यायला उभं राहा. पुढच्या बाईंना भाव कन्नडमध्ये सांगितला जातो, मला मराठीत, मागच्या चाचांना उर्दूत, आणि तागडीवरचा हात तेवढ्यात थांबतही नाही. या माणसाला कुठला रंग देणार? सीमाभागातल्या माणसाला ‘घटक’ कशाला म्हणतात हे शिकवावं लागत नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून आमच्याकडे खेडं हा घटक धरायचा की तालुका, यावर सभा झाल्या, खटले उभे राहिले, २००४ पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. घटक केवढा धरला यावर उत्तर कसं बदलतं, हे आम्ही घरात ऐकत मोठे झालो. जिल्ह्याएवढा घटक घेऊन त्यावर एकच शिक्का मारणारा खेळ म्हणून मला फार बोचला. तुम्हाला कदाचित बोचणार नाही. युरोपा खेळणाऱ्या लाखो लोकांना ते बटण बटणच वाटतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

क्रुसेडर या बाबतीत निर्दोष आहे असं मात्र नाही. तिथेही परगण्याला एकच संस्कृती, आणि कारभाऱ्याला धाडून ती बदलता येते. पण शेजारच्या संस्कृतींमध्ये परस्पर स्वीकार नावाची गोष्ट असते, एका राज्यात नांदता नांदता ती वाढत जाते. राजाला दुसरी भाषा शिकता येते. त्याला वेळ द्यावा लागतो, पण शिकल्यावर दुरावा कमी होतो. आणि ‘रॉयल कोर्ट’ हा विस्तार (मूळ खेळाला जोडायचा, वेगळा विकत घ्यायचा भाग) घेतला तर स्वीकार पुरेसा वाढल्यावर दोन संस्कृतींच्या मिश्रणातून तिसरी घडवता येते. मराठी आणि कन्नड, दोन्हींचं काही ना काही ठेवून. मी ते केलं त्या दिवशी कुठलंही युद्ध जिंकल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

दुसरं म्हणजे, इथे तुम्ही राज्य नसता, माणूस असता. मेलात की वारसाच्या कातडीत शिरता, आणि काल कौतुकाने जहागिऱ्या वाटलेली धाकटी मुलं आज तुमचे भाऊ होऊन गादीवर हक्क सांगतात. सुरुवातीच्या कायद्यात मुलूख भावाभावांत वाटलाच जातो. सगळं थोरल्याला देण्याची सोय फार उशिरा येते. शेताच्या वाटणीत बांधावरून उभं राहतं तसलंच भांडण, फक्त इथे बांधाच्या दोन्ही बाजूंना फौजा. १०६६ ला खेळ सुरू होतो तेव्हा कल्याणीच्या गादीवर पहिला सोमेश्वर आहे. इतिहासात १०६८ ला तो गेला, थोरला मुलगा दुसरा सोमेश्वर राजा झाला, आणि १०७६ ला धाकट्या विक्रमादित्याने त्याला हटवून पुढची पन्नास वर्षं राज्य केलं. हे वाचताना नुसते आकडे असतात. खेळताना त्या थोरल्या भावाची झोप का उडाली असेल ते कळतं.

मांडलिक होता येतं, हेही माझ्या दृष्टीने मोठं. बेळगावच्या किल्ल्यातली १२०४ ची कमल बसदी (जैन मंदिर) रट्टांच्या काळातली. हे सौंदत्तीचे रट्ट आधी राष्ट्रकूटांचे, मग चालुक्यांचे मांडलिक. चालुक्य खचल्यावर त्यांनी डोकं वर काढलं आणि बेळगावला राजधानी आणली, पुढे यादवांनी त्यांना संपवलं. असलं मधलं आयुष्य, वरच्याला खंडणी आणि बाजूच्यावर नजर, युरोपा खेळात फारसं जगायला मिळत नाही. तिथे माणसांचंही तेच. १४७२ च्या सुमारास बेळगावचा किल्ला घेणारा बहमनींचा वजीर महमूद गवान युरोपाच्या काळातला, पण तसा माणूस तिथे दरमहा पगार घेऊन गुण देणारा सल्लागार होतो, बस्स. दरबारातल्या विरोधकांनी बनावट पत्र पुढे केलं आणि १४८१ ला सुलतानाने त्याचा जीव घेतला. बहमनी राज्य त्यानंतर सावरलं नाही. ही गोष्ट क्रुसेडरच्या काळात बसत नाही, पण ती का घडते हे क्रुसेडरच जास्त चांगलं समजावतो.

त्याच्या उणिवा सांगायलाच हव्यात. शंभरेक वर्षांनी खेळ सोपा वाटू लागतो, तेच तेच प्रसंग समोर येतात, आणि युरोपच्या राजांवर जेवढी मेहनत घेतली आहे तेवढी हिंदुस्थानातल्या राजांवर घेतलेली दिसत नाही. आव्हान हवं असेल, आकड्यांशी झुंजण्यात मजा वाटत असेल, तर युरोपा जास्त दिवस पुरेल असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपा ५ आला. तो १३३७ ला सुरू होतो आणि त्यात एकाच ठिकाणी निरनिराळ्या संस्कृतींची लोकसंख्या वेगवेगळी मोजली जाते. मला खटकलेली नेमकी गोष्ट पॅराडॉक्सने बदलली. पण त्याला संगणक दणकट लागतो. साध्या लॅपटॉपवर खेळणार असाल तर निवड या दोघांतच आहे.

क्रुसेडर घेतलात तर नुसता मूळ खेळ घ्या, विस्तार नंतर, सवलतीत, आणि घेताना ‘रॉयल कोर्ट’ आधी. १०६६ निवडा, चालुक्यांच्या हाताखालचा एखादा लहान मांडलिक पकडा, आणि राजा तरुण असतानाच शेजारच्या प्रजेची भाषा शिकायला बसवा. म्हातारपणी तेवढी सवड मिळत नाही. मुलगे दोनापेक्षा जास्त झाले तर धाकट्यांची सोय बाहेर मुलूख जिंकून आधीच करा.