चकाकी मिळाली, बोल्ट गेला

दसऱ्याला शस्त्रपूजन झालं. संध्याकाळी रायफलीवरचं हळदकुंकू तेलाच्या चिंधीनं पुसायला घेतलं, तर चिंधी काळी झाली. दुसरी घेतली, तीही काळी. महिन्यापूर्वी 14,000 रुपये मोजून करून घेतलेलं ब्ल्यूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा थर, माझ्या बोटांना लागत होतं.

रायफल आजोबांची. ईशापूरच्या कारखान्यातली .315 बोअरची, आतली यंत्रणा जुन्या ब्रिटिश लष्करी ली-एनफिल्ड रायफलीची. आजरा तालुक्यातल्या उसाला डुकरांचा त्रास, म्हणून पीकसंरक्षणासाठी घेतलेली. आता वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीच करता येत नाही, त्यामुळे ती वर्षभर कपाटातच असते. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत नियमाप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा केली आणि जूनमध्ये परत आणली तेव्हा नळीवर गंजाचे ठिपके होते. एवढंच निमित्त. ते ठिपके बारीक स्टील वूल आणि तेलानं घरीच गेले असते, हे आता कळतंय.

शहरातल्या एका दुकानदारानं रायफल हातात घेतली आणि म्हणाला, "दादा, नवी करून देतो." भिंतीवर विक्रीचा परवाना लावलेला होता. दुरुस्तीचा आहे का, हे विचारायचं मला सुचलं नाही. पावती मागितली तर साध्या कागदावर लिहून दिलं: 'रायफल 1, पॉलिश.' मी ती चिठ्ठी घडी करून खिशात घातली. शिकलेला माणूस मी!

गणपतीत रायफल आली ती आरशासारखी. घरातले सगळे खूश. दस्त्याला फर्निचरचं मेलामाईन पॉलिश मारलंय, हे मला तेव्हा दिसलंच नाही. आजोबा दर दिवाळीला जवसाचं तेल तळहातानं चोळून जिरवायचे. यानं पॉलिशपेपरनं लाकूड इतकं घासलं होतं की मागच्या पट्टीची धातूची कड लाकडाच्या वर आली होती, नख अडकायचं. नळीवरची अक्षरंही बफ मारून बुजली होती. खरं ब्ल्यूइंग सहसा क्षारांच्या उकळत्या द्रावणात भाग बुडवून होतं, ते तेलानं पुसून निघत नाही. यानं काळा रंग फासला होता.

तरी हे सगळं दिसण्याचं झालं. चिंधी फिरवता फिरवता बोल्टच्या, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या, मुठीमागचा नंबर समोर आला आणि पोटात गोळा आला. आमच्या बोल्टवर आणि बॉडीवर (बोल्ट ज्यात बसतो त्या मुख्य भागावर) एकच नंबर होता. हा भलताच.

गावात पोलीस दलातून निवृत्त झालेले आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारे, आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी रायफल रिकामी आहे ना हे दोनदा पाहिलं, निरांजनाची काजळी बोल्टला आधार देणाऱ्या उंचवट्यांवर धरली, बोल्ट बंद करून परत उघडला. या बोल्टला दोन आधार असतात: एका बाजूला आखूड उंचवटा (लग), दुसऱ्या बाजूला लांब पट्टी. दोन्हींवरची काजळी पुसली जायला हवी होती. पुसली गेली फक्त पट्टीवरची. "सगळा धक्का एकाच अंगावर येणार बाबा," मामा म्हणाले. असा बोल्ट काडतुसाला मागून नीट आधार देत नाही. काडतुसाचं पितळी कवच बुडाच्या कडेच्या (रिमच्या) वर ताणलं जातं, कधी फाटतं आणि तापलेला गॅस नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येतो. मी त्या रायफलीनं एकही बार काढला नव्हता, हे नशीब.

दुकानदार म्हणाला, "बोल्ट सगळे सारखेच असतात, आणि तुम्ही हाच दिला होता." माझ्याकडे काय होतं? पोलिसांच्या जमा पावतीवर फक्त बॉडीचा नंबर. बोल्टचा फोटो कधी काढलाच नव्हता. लेखी तक्रार दिली आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो, तेवढ्यावर चौकशी चालू आहे. बोल्टचं कुणी बोलत नाही.

रायफल दुरुस्तीला देणार असाल तर बॉडी, नळी आणि बोल्ट, जिथे जिथे नंबर असेल तिथले फोटो आधी काढा, आणि ते सगळे नंबर दुकानदाराच्या सहीशिक्क्याच्या पावतीवर लिहून घ्या. तो कां-कूं करायला लागला तर रायफल तशीच घरी आणा.

तीन दिवसांत विधानसभेची आचारसंहिता लागली आणि रायफल पुन्हा ठाण्यात गेली. या वेळी पावतीवर बोल्टचा नंबरही लिहून घेतला. हवालदार हसला. आमचा बोल्ट कुणाच्या तरी रायफलीत बसवलेला असणार. 2024 च्या पावसाळ्यात कुणी .315 चं काम करून घेतलं असेल, तर बोल्टच्या मुठीमागे एकदा बघा. शेवटचे आकडे 417 असले तर तो आमचा आहे, आणि तो बदलेपर्यंत तुमच्याही रायफलीतून बार काढू नका.