डंजन्स अँड ड्रॅगन्स २०२४ : नावे जुनी, नियम नवे

फासे टाकत एकत्र गोष्ट रचण्याच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या, २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीचे सुधारित नियम आता तीन जाड पुस्तकांत उपलब्ध आहेत : खेळाडूंसाठीचे ‘प्लेअर्स हँडबुक’ सप्टेंबर २०२४मध्ये आले, खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरसाठीचे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आणि राक्षसांचे फेब्रुवारी २०२५मध्ये. प्रकाशकांनी यांना सहावी आवृत्ती म्हटलेले नाही, शिवाय जुनी साहसे नव्या नियमांनी खेळता येतील असे आश्वासन दिले आहे, आणि नवे नियम घ्यावेत की नाही हा निर्णय अवघड होतो तो नेमका त्यामुळेच. २००८ साली चौथी आवृत्ती आली तेव्हा खेळ इतका पालटला होता की जुन्या-नव्याची सरमिसळ होणे शक्यच नव्हते. या वेळी मात्र नावे तीच आहेत आणि त्यांखालचा मजकूर तेवढा बदलला आहे.

‘क्युअर वूंड्स’ हा पहिल्या पातळीचा मंत्र २०१४च्या पुस्तकात आठ बाजूंच्या एका फाशाने जखम भरून काढत असे. आता दोन फासे टाकायचे आहेत. पॅलाडिन या धर्मयोद्ध्याचा ‘डिव्हाइन स्माइट’ हा जादा इजा करणारा प्रहार पूर्वी लागलेल्या प्रत्येक वाराला जोडता येई. आता तो मंत्र झाला असून पाळीत एकदाच मिळणारी ‘बोनस ॲक्शन’ ही जादा कृती खर्च करतो, म्हणजे एका फेरीत एकदाच वापरता येतो. ‘काउंटरस्पेल’ने तिसऱ्या पातळीपर्यंतचा मंत्र आपोआप निष्फळ होत असे, तिथे आता प्रतिस्पर्ध्याला सेव्हिंग थ्रो, म्हणजे फासा टाकून परिणाम टाळण्याची संधी, मिळते. थकव्याच्या सहा पायऱ्यांचे निरनिराळे परिणाम जाऊन, प्रत्येक पायरीमागे वीस बाजूंच्या फाशातून दोन आणि वेगातून पाच फूट वजा करावेत, असा सुटसुटीत नियम आला आहे. हा तर मुळातच असायला हवा होता. एकेकटे पाहिले तर यांतले बहुतेक बदल मला पटले. तरीही आमच्या गटाने चालू मोहिमेच्या (अनेक बैठकी चालणाऱ्या कथेच्या) मध्यावर ते स्वीकारून पाहिले, तेव्हा अगदी नव्या गोष्टींवरून एकही वाद झाला नाही, कारण त्या आल्या की प्रत्येक जण पान काढून वाचत असे. सगळे वाद झाले ते तोंडपाठ असलेल्या नावांवरून, कारण तिथे पुस्तक उघडावे असे कोणालाच वाटत नव्हते.

नव्या भरीपैकी शस्त्रप्रावीण्याचा, म्हणजे शस्त्रागणिक खास परिणाम देणारा, नियम सर्वांत चर्चिला जातो. त्याने योद्ध्याच्या पाळीत जीव आला आहे : मोठ्या तलवारीचा वार चुकला तरी थोडी इजा होते, मोठ्या हातोड्याने शत्रू आडवा पडू शकतो. पण हातोड्याच्या प्रत्येक यशस्वी वारानंतर शत्रूचा सेव्हिंग थ्रो टाकावा लागतो, आणि पाच शत्रू असलेल्या लढाईत हा वेळ चांगलाच जाणवतो. पात्राच्या गुणांमधली वाढ वंशाऐवजी पार्श्वभूमीला जोडली, हेही तत्त्वतः योग्यच; मात्र शेतकरी पार्श्वभूमीतून फक्त ताकद, चिवटपणा आणि शहाणपण वाढते, त्यामुळे शेतात वाढलेला जादूगार घडवणाऱ्याला बुद्धीचा लाभ मिळत नाही. कल्पनेला मोकळीक देऊ पाहणाऱ्या बदलाने इथे नवाच साचा तयार केला आहे.

पुस्तक म्हणून मात्र नवे ‘प्लेअर्स हँडबुक’ निःसंशय सरस आहे. ३८४ पानांत पात्रांचे (योद्धा, जादूगार असे) बारा वर्ग आणि प्रत्येकाचे चार उपवर्ग आहेत, आणि शेवटी दिलेल्या वर्णानुक्रमी नियमकोशामुळे ऐन लढाईत पाने उलटत बसावे लागत नाही. डंजन मास्टरच्या पुस्तकात लढाई किती अवघड हे मोजताना शत्रूंच्या संख्येनुसार करावा लागणारा किचकट गुणाकार काढून टाकला आहे, ही सोय एकट्यानेच तयारी करणाऱ्याला कळेल.

तेव्हा नवी मोहीम सुरू करणार असाल, तर नवे नियम बिनधास्त घ्यावेत. त्याआधी चाचपून पाहायचे असेल तर एसआरडी ५.२ हा मूलभूत नियमांचा संच मोफत आहे. त्यात प्रत्येक वर्गाचा एकच उपवर्ग असला तरी दोन-तीन बैठकींना तो पुरतो. चालू मोहीम मात्र जुन्याच नियमांनी पूर्ण करावी. आम्ही शेवटी तसेच ठरवले, आणि त्याचे मुख्य कारण आमचा ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू करणारे पात्र, आहे. जुन्या ‘कंज्युअर ॲनिमल्स’ने तो आठ लांडगे बोलावतो; नव्या मंत्रात त्यांच्या जागी पशुरूपी आत्म्यांचा एकच कळप येतो. आठ लांडग्यांच्या पाळ्या सांभाळणारा डंजन मास्टर मीच असल्याने ते गेलेले मला हवेच होते, परंतु दोन वर्षे ज्यांच्या भरवशावर त्याने डाव रचले ते लांडगे अर्ध्या वाटेवर काढून घेण्याचे धाडस मला झाले नाही.