आठ महिने ‘विश’ वापरल्यावर: 33 टक्क्यांचा फासा चुकीच्या जागी बसलाय

आमच्या शनिवारच्या टेबलावर विझार्ड, म्हणजे एका खेळाडूचं जादूगाराचं पात्र, सतराव्या लेव्हलला पोहोचला त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून ‘विश’, म्हणजे जवळपास काहीही मागता येणारा स्पेल (मंत्र), खेळात आहे आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणून मी ती सांभाळतोय. खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं रंगवत आणि फासे टाकत खेळायचा; आवृत्ती 2014 ची. गेल्या शनिवारी जे झालं ते अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसलो.

जहाज जळालं होतं आणि 19 खलाशी किनाऱ्यावर पडले होते. बरं करणाऱ्या क्लेरिकचे (पुरोहित पात्राचे) स्लॉट, म्हणजे स्पेल टाकायची दिवसाची मोजकी संधी, संपलेले. विझार्डने विश वापरली. दिसणाऱ्या 20 जणांपर्यंत सगळ्यांचे हिट पॉइंट (जीवाचे गुण) पूर्ण भरतात, हा पर्याय नियमातल्या यादीतच छापलेला आहे, त्यात पळवाट कसलीच नाही. खलाशी उठून बसले. मग त्याने शंभराचा फासा टाकला, पडले 28. तेहेतीस किंवा कमी म्हणजे विश कायमची गेली. तीन वर्षं जपलेलं पात्र. तो काही बोलला नाही, शीटवरच्या त्या ओळीवर पेन्सिलने रेघ मारली आणि फासे डबीत ठेवले.

आता याच्याशेजारी आमचे आधीचे महिने ठेवून बघा. आठव्या लेव्हलपर्यंतच्या दुसऱ्या कुठल्याही स्पेलची नक्कल केली, तर विशचा ताण, म्हणजे हा फासा आणि शरीराची कमजोरी, येतच नाही. सामग्रीही लागत नाही. मेलेल्याला उठवणाऱ्या रेझरेक्शनचा 1,000 सुवर्णमुद्रांचा हिरा आम्ही असा दोनदा वाचवला. हुबेहूब प्रतिकृती बनवणाऱ्या सिम्युलेक्रमला एरवी 1,500 मुद्रांची माणकाची पूड आणि बारा तास लागतात, इथे एका ॲक्शनमध्ये काम झालं. (त्या प्रतिकृतीने पुन्हा विश वापरायची ती साखळी मी पहिल्याच दिवशी बंद केली होती.) मी हिशेबी माणूस, पार्टीच्या खजिन्याची वही मीच ठेवतो, त्यामुळे सुरुवातीला मला हे फार आवडलं. पण हिरे वाचवणाऱ्याला काहीच किंमत मोजावी लागत नाही आणि 19 जीव वाचवणाऱ्याने सगळं गमावायचं, हे मला पटत नाही. यादीतला साधा पर्याय आणि ‘मला देव कर’ अशी मागणी, दोघांना दंड एकच.

आधी मला वाटायचं की खरी मर्यादा डीएमच्या हातात असते: मागणीतला शब्द पकडायचा आणि उलटवायचा. दोनदा तसं केलं. तिसऱ्या वेळी पोरांनी एका वाक्यावर चाळीस मिनिटं घालवली, करारनामा लिहितात तसं. ते बघून मी हा प्रकार सोडला. माझ्यावरचा विश्वास उडाला तर टेबल चालणार कसं?

जुन्या आवृत्त्यांत किंमत सरळ होती. दुसऱ्या आवृत्तीत जादूगाराचं वय पाच वर्षांनी वाढायचं, तिसरीत 5,000 एक्सपी (अनुभवाचे गुण) जायचे. परवापर्यंत मी एक्सपीच्या बाजूने होतो. आता नाही, आणि कारण त्याच शनिवारचा उरलेला खेळ.

ताणामुळे विझार्डची स्ट्रेंग्थ (ताकद) 3 वर आली. म्हणजे अंगावर वाहायची मर्यादा 45 पाउंड. त्याने पिशवी रिकामी केली: दोर ठेवला, अंथरूण ठेवलं, शिधा ठेवला, जादूची वही मात्र छातीशी धरली. पॅलाडिनने (योद्धा पात्राने) न सांगता बाकीचं खांद्यावर घेतलं. घाईत टेलिपोर्ट (जादूने दुसरीकडे जाणं) करायचं ठरलं, तर ताणामुळे सातव्या लेव्हलच्या स्पेलचे सात दहा-बाजूंचे फासे त्याच्याच अंगावर. 52 हिट पॉइंटांपैकी 38 गेले, आणि हे नुकसान कशानेच कमी होत नाही. नंतर ही कमजोरी किती दिवस राहणार त्याचे फासे टाकले, सहा आले. शत्रू पुढे सरकत असताना पार्टीने विश्रांती घेतली, कारण आराम केला की ते दिवस भराभर घटतात. इतका जिवंत खेळ आमच्याकडे वर्षभरात झाला नव्हता.

तर आमचा बदल असा. यादीतल्या पर्यायांना 33 टक्क्यांचा फासा नाही, शरीराचा ताण मात्र पूर्ण. यादीबाहेरच्या मागणीला दोन्ही. आणि नक्कल करून महागडी सामग्री वाचवली, तर त्या रात्रीच्या लाँग रेस्टपर्यंत (लांब विश्रांतीपर्यंत) तोच ताण, म्हणजे पुढच्या प्रत्येक स्पेलला नुकसान. क्लेरिकला शेवटचं कलम जाचक वाटतंय, त्यावर अजून बोलणं चालू आहे.

विझार्डला मी विश परत देऊ केली. 28 पडले ते पडले, म्हणाला. शीटच्या मागच्या बाजूला त्याने त्या खलाशांची नावं लिहायला घेतली आहेत. बारा झाली, उरलेली सात मी सुचवायची आहेत.